भरतीला तारीख द्या, उमेदवारांची थट्टा थांबवा!

साथींनो,

खाजगी कंपन्यांनी अलीकडे एक रीत पाडली आहे. नोकरीसाठी अर्ज मागवतानाच त्या उमेदवाराला सांगतात की आधी छाननी होईल, मग चाचणी, मग मुलाखत, अमुक दिवसांत निकाल कळवू, निवड झाली तर पत्र देऊ आणि झाली नाही तरी तसे कळवू. यातले प्रत्यक्षात किती पाळले जाते हा प्रश्न निराळा. पण निदान सांगावे लागते एवढी तरी जनाची लाज त्यांना आहे. आमचा प्रश्न सरळ आहे. देशातील सर्वांत मोठ्या मालकांपैकी दोन, म्हणजे रेल्वे आणि टपाल खाते, आपल्या दारात उभ्या असलेल्या उमेदवाराला काय सांगतात? परीक्षा कधी होईल ते सांगत नाहीत. निकाल कधी लागेल ते सांगत नाहीत. पॅनेलवर नाव आले तर हातात पत्र कधी पडेल तेही सांगत नाहीत. फी मात्र अमुक तारखेच्या आत भरा, हे पक्के सांगतात!

हा प्रश्न बेकारांचा आहे, आपला नाही, असे काही साथींना वाटते. आपण तर लागलो, आता आपल्याला महागाई भत्ता, बोनस आणि जुनी पेन्शन एवढेच मुद्दे आहेत, असे ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. का मान्य नाही ते या लेखात मांडतो.

नवा रायपुरात काय दिसते?

आम्ही ज्या भागात काम करतो तिथूनच सुरुवात करू. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले आणि रायपूरच्या शेजारी नवी राजधानी उभी राहिली, नवा रायपूर. रुंद रस्ते, मंत्रालयाचे महानदी भवन, संचालनालयांचे इंद्रावती भवन. राज्याचा लोकसेवा आयोग इथेच आणि व्यावसायिक परीक्षा मंडळही इथेच. मार्च २०२५ पासून मंदिर हसौदमार्गे अभनपूरपर्यंत मेमू गाडीही धावू लागली. सेमीकंडक्टरचा कारखाना आणि डेटा सेंटर यांच्या पायाभरण्या त्याच वर्षी झाल्या. म्हणजे नोकरी देणारी सगळी दारे एकाच शहरात. आणि त्याच शहराच्या कडेला, तूता येथे, सरकारने आंदोलनासाठी जागा नेमून दिली आहे. एका टोकाला भरतीची कार्यालये, दुसऱ्या टोकाला भरतीने फसवलेल्यांचा मंडप. नव्या राजधानीचा हा नकाशा पुरेसा बोलका आहे.

तीन उदाहरणे देतो. पहिले पोलीस उपनिरीक्षकांचे. २०१८ साली ६५५ जागांची जाहिरात निघाली. पुढे जागा वाढवून ९७५ केल्या. अंतिम निकाल लागला २८ ऑक्टोबर २०२४ रोजी. सहा वर्षे! मधल्या काळात सरकारे दोनदा बदलली. निकाल लागावा म्हणून पोरांना रस्त्यावर बसावे लागले. पोलीस होण्यासाठी अर्ज केलेल्यांना पोलिसांनीच उचलून गाडीत घालावे, याला काय म्हणायचे?

दुसरे उदाहरण लोकसेवा आयोगाच्या २०२१ च्या परीक्षेचे. जागा १७१. निकाल मे २०२३ मध्ये लागला आणि निवड झालेल्यांत आयोगाशी व बड्या लोकांशी नाते असलेले उमेदवार आहेत, अशी तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. तपास सीबीआयकडे आला. आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांना नोव्हेंबर २०२४ मध्ये अटक झाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील, आम्ही ठरवणारे कोणी नाही. पण रात्रंदिवस अभ्यास केलेल्या, कोणाचाही भाचा-पुतण्या नसलेल्या पोराच्या मनातून जो विश्वास उडाला तो कोणते न्यायालय परत आणून देणार?

तिसरे उदाहरण बी.एड. झालेल्या सहाय्यक शिक्षकांचे. प्राथमिक शाळेसाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला होता. तरीही नेमणुका झाल्या. पोरे बस्तरच्या आडगावी जाऊन शिकवू लागली. मग डिसेंबर २०२४ च्या शेवटी त्यांना घरी पाठवण्याचे आदेश निघाले. तूता येथे महिनोन् महिने आंदोलन झाले. शेवटी ३० एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने २,६२१ जणांना विज्ञान प्रयोगशाळेच्या सहाय्यक शिक्षकपदावर सामावून घेण्याचा निर्णय केला. नियम लावायला सरकार चुकले आणि शिक्षा झाली ती अर्जात एकही खोटा शब्द न लिहिणाऱ्यांना.

रेल्वेचा कारभार

राज्य सरकारवर बोट दाखवून आपले प्रशासन सुटत नाही. उलट या शर्यतीत रेल्वे पुढे आहे. आकडेच पाहू.

२०१९ च्या फेब्रुवारीत एनटीपीसी म्हणजे स्टेशन मास्तर, गार्ड, क्लार्क वगैरेंच्या पस्तीस हजारांवर जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले सव्वा कोटी. म्हणजे एका जागेमागे साडेतीनशेच्या वर उमेदवार. पुढच्याच महिन्यात लेव्हल १ च्या, म्हणजे ट्रॅकमन, पॉइंट्समन, खलाशी यांच्या १,०३,७६९ जागांची जाहिरात आली. तिथे सुमारे एक कोटी पंधरा लाख अर्ज. समोर लोकसभेची निवडणूक होती हे वाचकांना आठवत असेलच. निवडणूक झाली आणि भरती थंड पडली. एनटीपीसीची पहिली परीक्षा सुरू झाली २८ डिसेंबर २०२० रोजी. लेव्हल १ ची परीक्षा सुरू झाली १७ ऑगस्ट २०२२ रोजी, जाहिरातीनंतर जवळजवळ साडेतीन वर्षांनी!

प्रशासन म्हणते, करोना होता. होता ना. पण करोनाची टाळेबंदी मार्च २०२० मध्ये लागली. त्याआधीचे अख्खे वर्ष कुठे गेले? परीक्षा कोणत्या एजन्सीकडे द्यायची तेच ठरत नव्हते. म्हणजे घोडा नाही, लगाम नाही आणि वरातीचे आमंत्रण मात्र दोन कोटी चाळीस लाख लोकांना!

मग जानेवारी २०२२ मध्ये एनटीपीसीचा निकाल लागला. जागांच्या वीसपट उमेदवार पुढच्या परीक्षेला घेऊ, असे सांगितले होते. निकालात सात लाखांवर क्रमांक होते, पण एकच उमेदवार अनेक पदांच्या याद्यांत मोजला गेल्यामुळे प्रत्यक्षात माणसे चार लाखांच्या आतच होती. लाखो पोरांना वाटले की आपली संधी कागदावरच्या बेरजेत खाल्ली गेली. बिहार आणि उत्तर प्रदेशात आगडोंब उसळला, गया येथे डबे जळाले. डबे जाळण्याचे आम्ही कदापि समर्थन करणार नाही. तो डबा आमच्या कारखान्यात आमच्याच साथींनी उभा केलेला असतो आणि जळाल्यावर त्यातून गरिबालाच प्रवास करता येत नाही. पण प्रशासनाचे पहिले उत्तर काय होते? तोडफोड करणाऱ्यांना रेल्वेच्या नोकरीसाठी कायमचे अपात्र ठरवू! तीन वर्षे ज्यांना नोकरीच दिली नाही त्यांना नोकरी न देण्याची धमकी! समिती नेमली गेली ती नंतर, आणि समितीपुढे उमेदवारांचेच म्हणणे बऱ्याच अंशी मान्य झाले. वेतनस्तरनिहाय वीसपट वेगळे उमेदवार घेऊन सुधारित निकाल लावावा लागला. हेच आधी केले असते तर?

फीचे गणितही समजून घ्या. खुल्या वर्गासाठी ५०० रुपये, त्यातले ४०० परीक्षा दिल्यावर परत. राखीव वर्ग, महिला वगैरेंसाठी २५० रुपये, तेही परीक्षा दिल्यावर परत. ही व्यवस्था २०१८ पासून आहे आणि कागदावर चांगली आहे. पण परीक्षा द्यायची कुठे? २०१८ च्या सहाय्यक लोको पायलट भरतीत बिहारच्या मुलांना दूर दक्षिणेतील केंद्रे मिळाली, आणि पुढेही राज्याबाहेरच्या केंद्रांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. गोंदियाच्या किंवा राजनांदगावच्या शेतमजुराच्या पोराने दोन रात्री जनरल डब्यात उभे राहून जायचे, धर्मशाळेत झोपायचे आणि सकाळी संगणकापुढे बसायचे. मार्च २०२५ मध्ये तर सहाय्यक लोको पायलटची दुसरी परीक्षा तांत्रिक कारणाने ऐनवेळी रद्द झाली. केंद्रावर पोचलेल्यांनी भाड्याचे पैसे कोणाकडे मागायचे?

जागा होत्या की नव्हत्या?

प्रशासनाचा ठरलेला युक्तिवाद असा की उमेदवार फार आणि जागा थोड्या, आम्ही तरी काय करणार? हा युक्तिवाद खोटा आहे. २०२३ साली माहिती अधिकारात रेल्वेनेच कबूल केले की गट क मधील सुमारे पावणेतीन लाख पदे रिकामी आहेत आणि त्यातली एक लाख सत्तर हजारांवर सुरक्षेच्या कामाची आहेत. पदे आहेत, उमेदवार आहेत. मध्ये अडसर आहे तो फक्त नेमणूक करण्याच्या इच्छेचा.

याहून मोठा पुरावा हवा? जानेवारी २०२४ मध्ये सहाय्यक लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली. एवढ्याच जागा आहेत, असे सांगितले गेले. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रांगापाणीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. दुसऱ्याच दिवशी रेल्वे बोर्डाचे पत्र निघाले आणि जागा १८,७९९ झाल्या! एका रात्रीत तेरा हजार जागा कुठून उगवल्या? त्या होत्याच. त्या जागांचे काम रनिंग स्टाफ करत होता, लागोपाठच्या रात्रपाळ्यांनी, रजा नाकारून, विश्रांती तोडून. जागा सापडायला माणसे मरावी लागतात, असा हा कारभार आहे.

आणि ही कहाणी फक्त बंगालची नाही. आमच्याच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बिलासपूरजवळ मेमू गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. लोको पायलटसह दहाहून अधिक जण गेले. नंतर चौकशीतून असे पुढे आले की प्रवासी गाडी चालवण्यासाठी लागणारी मानसशास्त्रीय चाचणी तो साथी उत्तीर्ण झालेला नव्हता. मेलेल्या साथीवर खापर फोडणे सोपे आहे. आम्ही विचारतो, त्याला त्या गाडीवर बसवले कोणी? चाचणी पास झालेली माणसे पुरेशी असती तर चाचणी न झालेल्याला गाडी द्यायची वेळ कोणावर आली असती का?

आता समजले असेल की भरती हा बेकारांचा प्रश्न का नाही. ज्या जागेवर माणूस भरला जात नाही ते काम नाहीसे होत नाही. ते शेजारच्या माणसाच्या पाठीवर येते. चौघांची गँग दोघांवर येते, गेटमनची आठ तासांची पाळी बारा तासांची होते, पोस्टमनच्या झोळीत दोन बीट येतात. उमेदवार बाहेर कुजतो आणि आपण आत भरडले जातो, एकाच जात्यात.

त्यावर प्रशासनाने शोधलेला उपाय तर मासलेवाईक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेल्वे बोर्डाने पासष्ट वर्षांच्या आतील निवृत्त कर्मचाऱ्यांना कंत्राटावर पुन्हा कामावर घेण्याची मुभा दिली. बापाला निवृत्तीनंतर बोलवायचे आणि पोराला वयाची अट दाखवून परत पाठवायचे!

टपाल खात्याचे काय?

टपालातील साथींना वाटू नये की आम्ही फक्त रुळांचेच बोलतो. ग्रामीण डाक सेवकांची भरती परीक्षेविना, दहावीच्या गुणांवर होते. २०२३ मध्ये चाळीस हजारांवर आणि २०२४ मध्ये चव्वेचाळीस हजारांवर जागा निघाल्या. दहावीला शंभराजवळ गुण मिळवलेली पोरे या नोकरीच्या मागे लागतात आणि मिळते काय? भत्ता, पगार नव्हे. सेवक म्हणायचे, कर्मचारी म्हणायचे नाही. चार-पाच तासांचे काम म्हणून नोंद आणि दिवसभर बचत खाती, विमा, पार्सल. मे २०१८ मध्ये याच सेवकांनी कमलेशचंद्र समितीच्या शिफारशींसाठी देशभर संप केला तो उगाच नव्हे.

आणि जिथे परीक्षा झाली तिथे काय झाले? तामिळनाडूत डिसेंबर २०१६ मध्ये पोस्टमन भरतीची परीक्षा झाली. निकालात हरियाणाच्या उमेदवारांना तामिळ भाषेच्या पेपरात पंचवीसपैकी चोवीस-पंचवीस गुण! तामिळनाडूतच वाढलेली पोरे मागे आणि तामिळ न येणारे पुढे. ती परीक्षा रद्द करावी लागली. गावच्या म्हातारीचे पत्र वाचून दाखवणारा पोस्टमन तिची भाषा जाणणारा हवा, एवढी साधी गोष्ट एजन्सीच्या संगणकाला कोण समजावणार?

दलाल कोण तयार करतो?

२०२२ च्या जून-जुलैमध्ये तामिळनाडूतील अठ्ठावीस तरुण महिनाभर नवी दिल्ली स्टेशनवर रोज आठ तास गाड्या आणि डबे मोजत बसले होते. त्यांना सांगितले होते की हेच टीटीई, ट्रॅफिक असिस्टंट आणि क्लार्कचे ट्रेनिंग. त्यासाठी त्यांनी मिळून दोन कोटी सदुसष्ट लाख रुपये मोजले होते. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. खरी भरती साडेतीन वर्षे मुकी राहते, कोणत्या टप्प्यावर काय होणार हे कोणी सांगत नाही, म्हणूनच खोट्या भरतीवर माणूस विश्वास ठेवतो. गाड्या मोजणे हे ट्रेनिंग नसते, हे त्या पोरांना कोण सांगणार होते? अंधार प्रशासनाने केला, चोरांनी त्यात हात साफ करून घेतला.

पेपरफुटीसाठी २०२४ मध्ये केंद्राने कायदा केला. दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत व त्याहून अधिक दंड. कायदा चांगला आहे, आमचा पाठिंबा आहे. पण उमेदवाराची चार वर्षे खाणाऱ्याला त्यात कोणती शिक्षा आहे? कोणतीच नाही. पेपर फोडणारा चोर आणि वय फोडणारा साहेब? शिवाय मार्च २०२५ मध्ये मुगलसराय म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय येथे खात्यांतर्गत परीक्षेचा पेपर विकल्याबद्दल सीबीआयने रेल्वेचेच सव्वीस जण पकडले. म्हणजे कीड आतही आहे. तिच्याबद्दल बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही. पैसे घेऊन बढती विकणारा आपल्यातला असला तरी आपला नव्हे.

आपल्याच घरातले दोन प्रश्न

पहिला प्रश्न. काही साथी म्हणतात, आमच्या मुलांना आधी घ्या. गँगमन आणि ड्रायव्हर यांनी आधी निवृत्ती घ्यायची आणि मुलाला लावायचे, अशी योजना २००४ पासून होती. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तिला समान संधीच्या विरोधात ठरवले आणि पुढे ती बंद झाली. साथींचे दुःख आम्हाला कळते. उन्हातान्हात झिजलेल्या गँगमनला आपला मुलगा मार्गी लागावा असे वाटणे यात गैर काही नाही. पण रेल्वे ही आपली इस्टेट नव्हे. ज्याचा बाप रेल्वेत नाही, त्या भूमिहीनाच्या मुलीने कोणत्या दाराने यायचे? मागचे दार आपल्यासाठी उघडा म्हणणाऱ्याला लोकसेवा आयोगाच्या मागच्या दाराबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही. आमची मागणी पुढचे दार पूर्ण उघडण्याची आहे. सगळी रिकामी पदे भरली तर आपली मुलेही त्यातून येतील, मान वर करून येतील.

दुसरा प्रश्न परप्रांतीयांचा. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई परिसरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. मराठी तरुणांना जाहिराती कळत नव्हत्या, परीक्षा मराठीत नव्हती, ही तक्रार खरी होती. पण मार कोणाला पडला? तुमच्याआमच्यासारख्याच गरिबाला. परीक्षा पुढे मराठीसह प्रादेशिक भाषांत होऊ लागली, ती मारामुळे नव्हे, मागणी न्याय्य होती म्हणून टिकली. आम्ही मराठी माणसे छत्तीसगडात पिढ्यान् पिढ्या नोकरी करत आलो आहोत. नागपूर विभाग आणि रायपूर विभाग एकाच झोनमध्ये आहेत. इथे आम्हालाच कोणी परप्रांतीय म्हटले तर? जागा कमी करणारा वर बसलेला असतो आणि भांडण खाली लावून देतो. या सापळ्यात कामगाराने पाय टाकू नये.

हक्क कोणी दिले नाहीत

जुना काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. तेव्हाही हजारो साथी हंगामी मजूर म्हणून लागले. खुल्या मार्गावर सलग १२० दिवस भरू नयेत म्हणून मुद्दाम खंड पाडले जात. प्रकल्पावरच्या मजुराला तर तोही हिशेब नव्हता. १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यांना तात्पुरता दर्जा आणि पुढे कायम होण्याचा मार्ग मिळाला. त्यामागे संघटनांची वर्षानुवर्षांची झुंज होती. याच छत्तीसगडात शंकर गुहा नियोगींनी दल्ली राजहराच्या खाणीतील ठेकेदारी मजुरांना उभे केले. भिलाईच्या कारखान्यांत कायम नोकरी मागितली म्हणून २८ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचा खून झाला आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा जण शहीद झाले. नियुक्तीपत्र हा कागद नाही, त्यावर रक्त सांडले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावे लागेल, असे त्यांत आहे. चांगले आहे. पण त्याच संहितांत मुदतीच्या नोकरीला मोकळे रान आहे. पत्र मिळेल, त्यावर संपण्याची तारीखही असेल! ज्या सरकारला भरती कधी होईल ते सांगता येत नाही त्याला नोकरी कधी संपेल ते मात्र नेमके सांगता येते.

आमच्या मागण्या

१. जाहिरातीतच परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्या तारखा द्या. जाहिरातीपासून नियुक्तीपत्रापर्यंत बारा महिन्यांहून अधिक काळ लागता कामा नये. २०२४ पासून जाहीर होणारे वार्षिक वेळापत्रक केवळ जाहिरातींचे नको, नेमणुकांचे हवे.

२. प्रशासनामुळे उशीर झाला तर तेवढी वयाची सवलत आपोआप मिळावी. २०२४ च्या भरतीत तीन वर्षांची सवलत दिली ती मेहेरबानी म्हणून. ती हक्क म्हणून हवी.

३. परीक्षा केंद्र उमेदवाराच्या राज्यात, शक्यतो घरापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत द्या. रद्द झालेल्या परीक्षेचा प्रवासखर्च द्या.

४. प्रत्येक उमेदवाराला गुण, उत्तरतालिका आणि नापसंतीचे कारण कळवा. वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्याला अपील कोठे करायचे ते त्याच पत्रात लिहा.

५. परीक्षा खाजगी एजन्सीकडे न देता भरती मंडळांनी स्वतःच्या माणसांकडून घ्यावी.

६. कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राट आणि निवृत्तांची फेरभरती बंद करा. ग्रामीण डाक सेवकांना खात्याचे कर्मचारी माना.

७. सुरक्षेची सर्व रिकामी पदे अपघाताची वाट न पाहता भरा.

साथींनो, प्रत्येक शाखेने आपल्या डेपोत, यार्डात, पोस्टात मंजूर पदे किती आणि भरलेली किती याचा फलक लावावा. स्थायी वार्ता समितीच्या प्रत्येक बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा. आणि गावातला कोणी पोरगा फॉर्म घेऊन आला तर त्याला हाकलू नये. कोणत्या टप्प्यावर काय होते, दलालाला एक पैसाही द्यायचा नाही, पत्र कुठून येते, हे युनियन ऑफिसात बसवून त्याला समजावून सांगावे. उद्या तो आपल्या बाजूच्या पाळीत उभा राहणार आहे. प्रशासनाच्या दारात तो आज एकटा उभा आहे. आपण त्याच्या बाजूला उभे राहिलो तर आठ तासांची पाळी आठ तासांचीच राहील.

रिकामी पदे त्वरित भरा!
कामगार-तरुण एकजुटीचा विजय असो!